खिडकीचे व्याकरण : चित्रसाधनाविना डेस्कटॉप आज्ञावलीची मांडणी

1. विषय आणि मर्यादा

संगणकाच्या पडद्यावर जी खिडकी उघडते तिच्यातील पाट्या, लिहावयाच्या पेट्या, निवडीच्या याद्या आणि बटणे यांची मांडणी दोन मार्गांनी करता येते. पहिल्या मार्गात रचनाकारापुढे एक रिकामी खिडकी असते. माऊसच्या साह्याने एकेक घटक उचलून तो इष्ट जागी ठेवावयाचा, ओढून लहानमोठा करावयाचा, आणि त्या चित्रावरून आज्ञावली सिद्ध करण्याचे काम साधनावर सोपवावयाचे, अशी ही रीत आहे. या साधनास व्हिज्युअल डिझायनर म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यास ‘चित्रसाधन’ म्हटले आहे. दुसऱ्या मार्गात चित्र काढावयाचे नसते. कोणते घटक हवेत, त्यांचा परस्परांशी संबंध काय, आणि खिडकी मोठी वा लहान झाली असता त्यांपैकी कोणी वाढावे व कोणी स्थिर राहावे, हे सर्व शब्दांत, म्हणजे कोडमध्ये, लिहावयाचे असते.

प्रथमदर्शनी पहिला मार्ग सुलभ आणि दुसरा क्लिष्ट वाटतो. तथापि मराठीची, त्यातही बोलींची, सामग्री गोळा करणाऱ्या अभ्यासकाला दुसराच मार्ग अंती अधिक विश्वसनीय ठरतो, असे माझे मत आहे. त्याची कारणे भाषेच्या स्वरूपातच आहेत. ती स्पष्ट करणे एवढाच या लेखाचा हेतू होय. उदाहरणासाठी बुलढाणा जिल्ह्यातील वऱ्हाडी शब्दांची नोंद करावयाची एक साधी खिडकी कल्पिली आहे. वाचकास संगणकशास्त्राचे पूर्वज्ञान आहे असे गृहीत धरलेले नाही.

2. एक परिचित उदाहरण

स्वनविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ‘प्राट’ हे सॉफ्टवेअर ठाऊक असतेच. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी ते रचले असून डच भाषेत या शब्दाचा अर्थ ‘बोल’ असा आहे. प्राटमध्ये लघुलेख, म्हणजे स्क्रिप्ट, लिहिण्याची सोय आहे. अशा लेखाच्या आरंभी ‘फॉर्म’ आणि ‘एंडफॉर्म’ या दोन शब्दांच्या दरम्यान काही ओळी लिहिल्या की वापरणारापुढे एक प्रश्नपत्रिका उघडते. येथे धन संख्या हवी, येथे वाक्य हवे, येथे पुढील तीन पर्यायांपैकी एक निवडावयाचा, एवढेच त्या ओळींत सांगितलेले असते. कोणती पेटी डावीकडून किती अंतरावर असावी, हे कोठेही सांगावे लागत नाही.

याचा अर्थ असा की आपल्यापैकी ज्यांनी प्राटमध्ये दहा ओळींचा जरी लघुलेख लिहिला असेल, त्यांनी चित्रसाधनाविना खिडकी रचलेलीच आहे. त्यांनी ‘काय’ हे सांगितले. ‘कोठे’ हे प्राटने ठरविले. पुढील सर्व विवेचन या एका भेदाचा विस्तार आहे.

3. मागणी आणि वाटप

‘कोठे’ हे यंत्र कसे ठरविते, ते आता पाहू. या क्षेत्रात 1991 हे वर्ष लक्षणीय आहे. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टचे व्हिज्युअल बेसिक बाजारात आले आणि चित्रसाधनाची पद्धत घरोघर पोचली. त्याच सुमारास बर्कले येथे जॉन ओस्टरहाउट यांनी रचलेला ‘टी-के’ हा घटकसंच प्रसृत झाला. त्यात खिडकी शब्दांनीच रचावयाची होती. आज पायथन भाषेबरोबर टी-के सहसा आपसूकच मिळतो. योगायोग असा की देवनागरीसह भारतीय लिप्यांसाठीचे ‘इस्की’ हे भारतीय मानक आणि युनिकोडची पहिली आवृत्ती, ही दोन्हीही 1991 चीच.

टी-के या संचात मांडणीच्या तीन पद्धती आहेत. ‘प्लेस’ या पद्धतीत निश्चित अंकांनी जागा सांगता येते. ती चित्रासारखीच होय. ‘पॅक’ या पद्धतीत प्रत्येक घटक उरलेल्या जागेच्या एखाद्या बाजूस लावला जातो, जशी कपाटात पुस्तके एका कडेने लावावीत. ‘ग्रिड’ या पद्धतीत ओळी व स्तंभ यांची जाळी असते, आणि शिल्लक जागेचा वाटा कोणत्या स्तंभास किती मिळावा हे एका अंकाने दर्शविले जाते. ज्याचा अंक शून्य, तो स्तंभ वाढत नाही.

या पद्धतींच्या मुळाशी असलेली प्रक्रिया दोन टप्प्यांची आहे. पहिल्या टप्प्यात मागणी खालून वर जाते. प्रत्येक पाटी आपला मजकूर आणि आपला फॉन्ट यांवरून, मला इतकी रुंदी व इतकी उंची हवी, असे आपल्या धारकास कळविते. धारक आपल्या सर्व घटकांच्या मागण्या एकत्र करून त्या वरच्या धारकास कळवितो. अशा रीतीने बेरीज खिडकीपर्यंत पोचते. दुसऱ्या टप्प्यात वाटप वरून खाली येते. खिडकीस प्रत्यक्ष जेवढी जागा मिळाली तेवढी नियमांनुसार विभागून शेवटच्या पाटीपर्यंत पोचविली जाते. क्यूट आणि जी-टी-के या घटकसंचांतही परिभाषा वेगळी असली तरी तत्त्व हेच आहे.

यावरून एक नियम समजतो, जो नवशिक्यांना निष्कारण जाचक वाटतो. टी-के मध्ये एकाच धारकात पॅक आणि ग्रिड एकत्र वापरता येत नाहीत. कारण दोन्ही व्यवस्था धारकाचा आकार आपापल्या हिशेबाने ठरवू पाहतात. एकीने ठरविलेला आकार दुसरी बदलते, तो पहिली पुन्हा बदलते, आणि हा व्यवहार संपतच नाही. जुन्या आवृत्त्यांत अशी खिडकी उघडतच नसे. अलीकडच्या आवृत्त्या स्पष्ट शब्दांत चूक दाखवितात. उपाय सोपा आहे: आत दुसरा धारक निर्माण करून त्यात दुसरी पद्धत चालवावी. मुख्य वाक्यात गौणवाक्य घालावे, तसेच हे आहे.

4. देवनागरीचा प्रश्न

आता आपली कल्पित खिडकी शब्दांत लिहू. पुढील आराखडा कोणत्याही विशिष्ट संगणकभाषेतील नाही. केवळ संबंध दाखविण्यासाठी तो दिला आहे.

खिडकी «वऱ्हाडी शब्दनोंद»
  ओळ 1 : पाटी «प्रमाण रूप», पेटी, रुंदीत वाढणारी
  ओळ 2 : पाटी «बोलीरूप», पेटी, रुंदीत वाढणारी
  ओळ 3 : पाटी «तालुका», यादी, तालुक्यांच्या तक्त्यावरून
  ओळ 4 : पाटी «अर्थ व प्रयोग», मोठी पेटी, रुंदीत व उंचीत वाढणारी
  ओळ 5 : बटणे «जतन करा», «रद्द करा», ओळीच्या शेवटी

येथे एकही माप नाही, हे ध्यानात घ्यावे. माप का नसावे, याचे उत्तर तिसऱ्या ओळीत सापडते. बुलढाणा जिल्ह्यात 13 तालुके आहेत. त्यांत ‘लोणार’ आणि ‘शेगाव’ ही आखूड नावे आहेत, तशीच ‘देऊळगाव राजा’ आणि ‘जळगाव जामोद’ ही लांब नावेही आहेत. चित्रसाधनात ‘लोणार’ समोर ठेवून आखलेली पेटी ‘देऊळगाव राजा’ला पुरत नाही. मग ‘देऊळगाव’ एवढेच दिसते आणि ‘राजा’ अदृश्य होतो. संबंधांनी लिहिलेल्या मांडणीत यादी आपल्या सर्वांत लांब नावाएवढी जागा मागू शकते.

येथे एक सूक्ष्म धोका सांगितला पाहिजे. टी-के मध्ये पेटीची रुंदी अक्षरसंख्येने देता येते. पण ते ‘अक्षर’ म्हणजे त्या फॉन्टमधील रोमन शून्याची रुंदी होय. देवनागरी अक्षराचा आणि त्या मापाचा काही नियत संबंध नाही. ‘ज्योत्स्ना’ या शब्दात अक्षरे दोनच. परंतु युनिकोडमधील चिन्हे दहा. म्हणून वीस हा आकडा लिहिला की वीस अक्षरे मावतील, असा भरवसा धरू नये.

रुंदीपेक्षाही उंचीचा प्रश्न गंभीर आहे. रोमन लिपीसाठी आखलेल्या ओळीच्या उंचीत देवनागरीच्या शिरोरेषेवरील व पायाखालील चिन्हांस जागा अपुरी पडते. रफार, वेलांटी आणि अनुस्वार वर एकत्र येतात. उकार आणि उभी जोडाक्षरे खाली उतरतात. पेटीची उंची बिंदूंच्या निश्चित संख्येने बांधली असेल आणि फॉन्ट थोडा मोठा झाला, तर प्रथम कापला जातो तो अनुस्वार. सामान्य वापरात ही केवळ कुरूपता वाटेल. बोलीच्या अभ्यासकास मात्र ती सामग्रीची हानी आहे, कारण ‘घर’ आणि ‘घरं’ यांतील वचनभेद त्या एका बिंदूवर उभा आहे. नोंद करणारास पडद्यावर जे दिसत नाही ते तपासता येत नाही. आणि जे तपासले गेले नाही ते संग्रहात तसेच राहते.

फॉन्ट मोठा होण्याचे प्रसंगही क्वचितचे नाहीत. क्षेत्रकार्यात माहिती देणारी व्यक्ती पुष्कळदा वयोवृद्ध असते, आणि लिहिलेले रूप तिला वाचून पाहता यावे म्हणून अक्षर मोठे करावे लागते. शिवाय अनेक संगणकांवर पडद्यावरील सर्वच मजकूर सव्वापट किंवा दीडपट दाखविण्याची योजना असते. मागणी आणि वाटप यांवर आधारलेली खिडकी अशा वेळी नव्याने हिशेब करते. निश्चित अंकांवर आधारलेली खिडकी तसा हिशेब करू शकत नाही, कारण करावयास तिच्याजवळ नियमच नसतो.

जिल्ह्यातील उर्दूभाषकांसाठी हीच खिडकी उर्दूत करावयाची झाली तर हा भेद आणखी ठळक होतो. ‘पाटी डावीकडे’ असे लिहिले असेल तर उर्दूत ते चुकीचे ठरते. ‘पाटी आरंभी’ असे लिहिले असेल तर दोन्ही लिप्यांत ते योग्यच राहते. क्यूट हा घटकसंच लेखनदिशा उजवीकडून डावीकडे आहे असे सांगितले की जाळी आपोआप उलटी मांडतो. टी-के तसे करीत नाही.

5. रूपावली आणि आवर्तन

कोडमध्ये लिहिण्याचा दुसरा लाभ पुनरावृत्तीच्या ठिकाणी दिसतो. समजा, प्रत्येक नामाची संपूर्ण रूपावली नोंदवावयाची आहे. परंपरागत व्याकरणानुसार 8 विभक्ती आणि 2 वचने धरली तर 16 पेट्या लागतात. चित्रसाधनात त्या सोळा वेळा ठेवाव्या लागतील, सोळा वेळा सरळ रेषेत आणाव्या लागतील, आणि प्रत्येकीस वेगळे नाव द्यावे लागेल. कोडमध्ये विभक्तींची एक यादी आणि वचनांची एक यादी लिहावयाची, आणि ‘प्रत्येक विभक्तीसाठी, प्रत्येक वचनासाठी, एक पेटी’ अशी एकाच आवर्तनाची आज्ञा द्यावयाची.

श्रम वाचतात हे खरे. पण मुख्य लाभ वेगळा आहे. मराठीत विभक्ती आठ मानाव्यात की सरळरूप आणि सामान्यरूप हा एकच भेद मूलभूत मानून प्रत्यय व शब्दयोगी अव्यये वेगळी काढावीत, हा वादाचा विषय आहे. दुसरे मत स्वीकारले तर सोळांऐवजी चारच पेट्या पुरतात. कोडमध्ये हा बदल म्हणजे यादीतील एका ओळीचा बदल होय. ज्या गृहीतकावर सामग्री गोळा केली ते गृहीतक त्या ओळीत उघडपणे लिहिलेले असते, आणि मार्गदर्शकास किंवा परीक्षकास ते वाचता येते. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणात, ज्याचा मराठीविषयक सातवा खंड 1905 साली प्रसिद्ध झाला, सर्वत्र एकच दृष्टान्तकथा व शब्द-वाक्यांची एकच ठराविक यादी वापरलेली होती. त्या यादीने काय विचारले आणि काय विचारलेच नाही, यावर हाती आलेल्या सामग्रीचा आकार ठरला. आपली खिडकी हीदेखील अशीच प्रश्नयादी आहे. ती जितकी वाचनीय, तितके तिच्यातून आलेल्या सामग्रीचे मूल्यमापन सुकर.

6. संदेशांतील सामान्यरूप

खिडकीत केवळ पाट्या नसतात; तिला बोलावेही लागते. ‘या तालुक्यातील इतक्या नोंदी जतन झाल्या’ असा संदेश द्यावयाचा आहे. इंग्रजीची सवय असलेला रचनाकार तालुक्याचे नाव घेईल आणि त्यास ‘तील’ जोडून देईल. ‘चिखलीतील’ येथपर्यंत ते जमेल. पण त्याच रीतीने ‘बुलढाणातील’, ‘मोताळातील’, ‘नांदुरातील’ अशी रूपे पडद्यावर उमटतील. ‘बुलढाण्यातील’, ‘मोताळ्यातील’, ‘नांदुऱ्यातील’ ही नाहीत. मराठीत प्रत्ययापूर्वी नामाचे सामान्यरूप होते, हा प्राथमिक नियम यंत्रास कोणी सांगितलेला नसतो.

यावर दोन उपाय आहेत. तालुक्यांच्या तक्त्यात प्रत्येक नावापुढे त्याचे सामान्यरूपही लिहून ठेवावे आणि आज्ञावलीने ते उचलावे, हा पहिला. वाक्यरचनाच अशी करावी की सामान्यरूपाची गरज पडू नये, हा दुसरा. ‘बुलढाणा येथील’, ‘मोताळा येथील’ ही कार्यालयीन मराठीची रचना येथे उपयोगी पडते. वचनाचेही तसेच. ‘1 नोंद’ आणि ‘5 नोंदी’ ही रूपे वेगळी, तर ‘1 शब्द’ आणि ‘5 शब्द’ यांत भेद नाही. अनुवादासाठी रूढ असलेल्या ‘गेटटेक्स्ट’ या व्यवस्थेत मराठीसाठी एकवचन व अनेकवचन अशी दोन रूपे देण्याची सोय आहे, आणि क्यूटमध्येही तशी योजना आहे. वाक्याचे तुकडे जोडण्याऐवजी संपूर्ण वाक्य, बदलत्या भागासाठी रिकामी जागा ठेवून, एकत्र लिहावे, हा सर्वसाधारण नियम होय.

7. घटना आणि नियम

बटणाचे कार्य हाही विवेचनाचा एक भाग आहे. सामान्य आज्ञावली वरून खाली क्रमाने चालते; खिडकीची आज्ञावली वाट पाहत बसते. वापरणाराने कळ दाबली, बटण दाबले, खिडकी ताणली, की त्या घटनेशी जोडलेला उपक्रम चालतो आणि पुन्हा प्रतीक्षा सुरू होते. कोडमध्ये घटक आणि त्याच्याशी जोडलेला नियम शेजारी शेजारी लिहिता येतात.

वऱ्हाडीच्या नोंदीत याचा प्रत्यक्ष उपयोग होतो. ‘वऱ्हाडी’ या शब्दातील ‘र’चे चंद्रकोरीसारखे रूप युनिकोडमध्ये दोन प्रकारांनी लिहिले जाऊ शकते. दोन्ही दिसावयास सारखी, पण यंत्राच्या दृष्टीने भिन्न. सबब शोध घेता एक सापडते व दुसरे निसटते. पेटी सोडताच तिच्यातील मजकूर एकाच प्रकारात आणावा, असा नियम बोलीरूपाच्या पेटीस जोडला की संग्रह एकसारखा राहतो. मात्र नियमाने काय बदलू नये, हेही ठरवावे लागते. प्रमाण ‘काळा’ या शब्दाचे वऱ्हाडीतील ‘काया’ हे रूप लेखनदोष समजून सुधारणारा नियम सामग्रीच नष्ट करील.

8. आक्षेपांचा विचार

चित्रसाधनाच्या पक्षाने दोन गोष्टी सांगता येतील, आणि दोन्ही खऱ्या आहेत. पहिली अशी की सर्व चित्रसाधने निश्चित अंकांवर चालत नाहीत. क्यूटचे चित्रसाधन जाळी व धारक यांचा वापर करू देते. मराठीत अनुवादित झालेल्या ग्नोम आणि केडीई या मुक्त डेस्कटॉप-प्रणालींतील कित्येक खिडक्या अशा साधनांनीच रचलेल्या आहेत. म्हणून दोष साधनाचा नसून अंकबद्ध मांडणीचा आहे, असे म्हणणे न्याय्य होईल. पण ओढून ठेवण्याची सोय हाती असताना संबंधांचा विचार टाळण्याकडेच नवशिक्याची प्रवृत्ती होते, हा अनुभव आहे. दुसरी गोष्ट अशी की चित्र तत्काळ दिसते, कोडचा परिणाम चालवून पाहावा लागतो. यावर उपाय एवढाच की दर पाचसहा ओळींनंतर आज्ञावली चालवून खिडकी पाहावी, आणि कोणता धारक कोठवर पसरला आहे हे कळावे म्हणून धारकांना तात्पुरते भिन्न रंग द्यावेत.

याशिवाय साधनाच्या आयुर्मानाचा प्रश्न आहे. व्हिज्युअल बेसिकची सहावी आवृत्ती 1998 साली आली आणि तिच्या रचनासाधनाचा अधिकृत आधार 2008 साली संपला. चित्रसाधन ज्या धारिका निर्माण करते त्या बहुधा यंत्राने यंत्रासाठी लिहिलेल्या असतात. साधन गेले की त्या वाचणे कठीण. शब्दांत लिहिलेली मांडणी साध्या मजकुराची असल्याने ती कोणत्याही संपादकात उघडते, आणि दोन आवृत्त्यांत कोणती ओळ बदलली हे ताडून पाहता येते. विभागातून विद्यार्थी दोन वर्षांनी जातात. त्यांनी गोळा केलेली सामग्री आणि ती गोळा करण्याचे साधन मागे राहते. पुढील तुकडीस ते साधन वाचता आले नाही तर ते पुन्हा आरंभापासून रचावे लागते, आणि मग जुनी व नवी सामग्री एका मापाची राहत नाही.

9. आरंभ कसा करावा

ज्यांस हा मार्ग चोखाळावयाचा आहे त्यांनी प्रथम प्राटमधील प्रश्नपत्रिका लिहून पाहावी. त्यानंतर पायथनमध्ये टी-के घेऊन ग्रिड पद्धतीने दोन पाट्या, दोन पेट्या आणि एक बटण एवढीच खिडकी करावी, आणि ती ताणून कोणता घटक वाढतो ते पाहावे. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत, म्हणजे 2008 पासून, आपण योजिलेली नावे देवनागरीतही लिहिता येतात. त्यामुळे ‘बोलीरूप’ नावाची पेटी कोडमध्येही ‘बोलीरूप’ याच नावाने राहू शकते. प्रत्यक्ष क्षेत्रकार्याच्या साधनासाठी मात्र क्यूट निवडावे. लिनक्सवर टी-केच्या 8.6 या आवृत्तीत देवनागरीची जुळणी नीट होत नाही. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या मागे पडते आणि जोडाक्षरे सुटी दिसतात.

खिडकी पुरी झाली की तिची परीक्षा तीन रीतींनी घ्यावी. फॉन्ट दुप्पट करून पाहावा. सर्वांत लांब तालुक्याचे नाव निवडून पाहावे. आणि ‘घरं’, ‘कुंकू’, ‘सर्वांगीण’ असे वर-खाली चिन्हे असलेले शब्द पेटीत लिहून पाहावेत. या तिन्ही प्रसंगी एकही चिन्ह कापले गेले नाही, तर ती खिडकी घाटावरील मेहकरास तशीच घाटाखालील मलकापुरास नेण्यास योग्य झाली, असे समजावे.